झोपलो नव्हतो, हळू चालत होतो

एक घर होतं. चार मजली इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, थेट गच्चीच्या पोटाखाली. घरात एक सासूबाई होत्या. त्यांचा बस चालवणारा मुलगा होता, संगणकात घरं बांधणारी सून होती आणि या तिघांनाही दमात घेणारी एक नात होती, तिला सगळे टिल्ली म्हणायचे. सासूबाईंची थोरली लेक दूरच्या गावी नांदत होती. आणि बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या वर, भिंतीला पाठ लावून मी होतो.

मी एसी बोलतोय. शाळेत गेलेलो नाही, लिहिता-वाचता येत नाही. जे कानावर पडलं तेवढंच माझं शिक्षण. पण कान तिखट आहेत आणि एकदा ऐकलेलं विसरत नाही, म्हणून सांगायला बसलोय. बसलोय कसला, लटकलोय.

जन्म माझा कारखान्यातला. दोन पेट्यांत मिळून माझा एक जीव आहे. एक पेटी घरात असते, ती खोलीतली उष्णता ओढून घेते. दुसरी बाहेर गॅलरीत असते, ती तीच उष्णता रस्त्यावर टाकते. आतली पेटी सगळ्यांना दिसते, लाडही तिचेच होतात. उन्हातान्हात राबते ती बाहेरची. घराघरात असं एक माणूस असतंच म्हणा.

माझ्या वाडवडिलांना एकच वेग ठाऊक होता. खोली तापली की जीव तोडून धावायचं, गार झाली की धाडकन थांबायचं. पुन्हा तापली की पुन्हा धावायचं. मला मात्र चार वेग दिलेत. आधी चौथ्यावर पळतो, खोली गार होत आली की तिसऱ्यावर येतो, मग दुसऱ्यावर, आणि शेवटी पहिल्यावर. पहिल्या वेगावर माझा आवाज जवळजवळ येत नाही. पण खरं कसब तिथंच आहे. थोडक्या विजेत खोली गार राखायची, हवेतला ओलावा शांतपणे टिपत राहायचं. धावणं काय, कुणालाही येतं.

या घरात मी आलो तो सासूबाईंच्या पायी.

आधीच्या उन्हाळ्यात त्या ओट्यापाशी उभ्या उभ्या खाली बसल्या होत्या. हातातलं पातेलं निसटलं, डोळे फिरले. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि ती सगळी आग खोलीत उतरायची. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "पुढचा उन्हाळा यांनी त्या खोलीत काढायचा नाही. हृदय आधीच थकलंय."

लेकीनं लगेच फोन केला. तिचं गाव उंचावर, तिथं हवा गार. "आईला माझ्याकडे पाठव. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत राहू दे."

सासूबाईंचं तोंड उतरलं. लेक गुणाची होती, जावईही चांगले होते. तरी त्या म्हणाल्या, "लेकीकडे चार दिवस गेलं तर पाहुणी. चार महिने गेलं तर सामान. इकडून उचललं, तिकडे ठेवलं." आणि टिल्ली तर आजीचा पदर सोडायला तयार नव्हती. ती आजीजवळच निजायची, आजीच्याच हातून वेणी घालून घ्यायची. आईनं घातलेली वेणी तिला सैल वाटायची.

त्याच सुमाराला सुनेच्या ऑफिसात एक काम निघालं.

सुनेचं ऑफिस मोठं गमतीचं. तिथं इमारती बांधत नाहीत. बांधायच्या आधी त्या संगणकात बांधून बघतात. भिंती किती जाड, खिडक्या कुठल्या दिशेला, छत किती तापणार, एसीला किती वीज लागणार, सगळं आधीच काढतात. एकदा जेवताना ती सासूबाईंना हे सांगत होती.

"म्हणजे खोटं घर," सासूबाई म्हणाल्या.

"खोटं नाही हो आई. आधीचं घर. खरं बांधल्यावर चूक कळून काय उपयोग?"

"आणि माणसं असतात का त्यात?"

"असतात की. म्हणजे आकडे असतात. सकाळी इतके जण घरात, दुपारी इतके."

"बोलतात?"

"नाही."

"मग भांडतही नसतील. सुखी घर आहे बाई तुझं."

मुलगा हसला तसा ठसका लागला त्याला.

सून मग मुद्द्यावर आली. "आई, दूध तापवताना तुम्ही काय करता? आधी गॅस मोठा, दूध वर यायला लागलं की बारीक. बरोबर? आमच्या सॉफ्टवेअरला बारीक गॅस माहीतच नव्हता. एक मोठा, नाहीतर बंद. त्याला चार वेगांचा एसी दिला तरी ते एकाच वेगानं पळवायचं."

"मग दूध उतू जाणार."

"तेच होतं. हिशेबात वीज उतू जायची. आणि साहेब म्हणायचे, बघा, या नव्या एसीचा काही फायदा दिसत नाही, जुन्यातलेच घ्या."

साहेब म्हणजे सुनेच्या ऑफिसातले वरिष्ठ. गावाबाहेर छोट्या घरांची मोठी वसाहत उठणार होती, त्या प्रत्येक घरात कुठला एसी बसवायचा हे त्यांच्या हिशेबावर ठरणार होतं. सुनेनं खपून सॉफ्टवेअरला बारीक गॅस शिकवला. कुठल्या वेळी कुठला वेग, दोन वेगांच्या मध्ये गरज पडली तर थोडा वेळ हा आणि थोडा वेळ तो, थांबून पुन्हा निघताना किती वीज वाया जाते, सगळं घातलं. ऑफिसातल्या बंद खोलीत, जिथं कुणी राहत नाही अशा ठिकाणी, माझ्यासारखाच एक एसी लावून मोजलं. हिशेब आणि मीटर अगदी जुळले.

पण साहेबांचं म्हणणं पडलं, रिकाम्या खोलीत जुळलं त्यात काय विशेष, राहत्या घरात जुळवून दाखवा. म्हणून ऑफिसातल्या काही जणांच्या घरी मोजण्यापुरते एसी लावायचे ठरले. उन्हाळाभर मीटर बसणार. हिशेबाशी जुळलं तर नवा हिशेब मान्य आणि एसी ज्याच्या त्याच्या घरी कायमचे. नाही जुळलं तर एसी उतरवून परत.

सुनेनं आपलं नाव दिलं. वरचा मजला, सगळ्यात तापणारं घर, म्हणून ते आधी घेतलं गेलं. अशा रीतीनं सासूबाईंचा उन्हाळा माझ्या गळ्यात पडला.

मेकॅनिक आला, भिंतीला भोकं पाडली, मला चढवलं. जाताना म्हणाला, "आजी, हा आपलं आपण बघतो. याला काही करावं लागत नाही."

एवढं एकच वाक्य या घरात कुणी ऐकलं नाही.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना नावं ठेवाल. त्यांनी सारं आयुष्य शिलाईच्या कारखान्यात काढलं होतं. लांबच लांब खोली, ओळीनं मशिनी, आणि दिवसभर घरघर. तिथं मशीन गप्प झालं म्हणजे धागा तुटला, नाहीतर बाई पेंगली. मुकादम लगेच येऊन उभा. गप्प मशीन म्हणजे बंद मशीन, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. शिवाय घरात कुणी लोळलेलं त्यांना खपायचं नाही. पहिल्या त्या उठायच्या, मग मुलाला उठवायच्या, मग नातीला. मुलगा पांघरुणातून म्हणायचा, "आई, आज सुट्टी आहे." त्या म्हणायच्या, "मग उठून सुट्टी घे."

पहिल्या दिवशी मी चौथ्या वेगावर सुरू झालो. खोली भरून घुमली. सासूबाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या, दोन्ही हात मांडीवर, एखादा पाहुणा कसा जेवतो ते बघावं तशा. हळूहळू खोली निवली. मी तिसऱ्यावर आलो, दुसऱ्यावर आलो आणि अखेर पहिल्यावर आलो. मनात म्हटलं, आता बघा आपली कला.

सासूबाईंनी मान वर केली. कान दिला. मग टिल्लीला म्हणाल्या, "झोपला गं हा."

त्यांनी रिमोट उचलला, मला बंद केलं आणि परत चालू केलं.

आता माझा स्वभाव ऐका. असं मध्येच कुणी बंद केलं की मला थोडा वेळ दम घ्यावा लागतो, नाहीतर बाहेरच्या पेटीला इजा होते. दम घेतला की मला वाटतं, नवीनच दिवस उजाडला. मी दचकून थेट चौथ्या वेगावर धावत सुटतो. वीज खायची ती अशा वेळीच.

घरघर ऐकून सासूबाईंचं समाधान झालं. "आता कसा कामाला लागला."

मग हे रोजचंच झालं. सून ऑफिसला, मुलगा गाडीवर, टिल्ली शाळेत, आणि घरात आम्ही दोघं. मी पहिल्या वेगावर आलो की त्या डाळ निवडता निवडता उठणार आणि मला उठवणार. "ऊठ बाबा. सुनेची नोकरी आहे तुझ्यावर." इतक्या मायेनं म्हणायच्या की मला रागही धड येईना. त्यांना खरंच वाटायचं, एसी मध्येच बंद पडतोय, आपण लक्ष ठेवलं नाही तर सुनेचं काम बुडेल.

माझ्या अंगावर एक छोटा दिवा आहे, मी चालू असलो की तो जळतो. पण तो टिल्लीच्या डोळ्यांवर यायचा म्हणून सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यावर कापडाची पट्टी चिकटवली होती. माझं तेवढं एक तोंड होतं, तेही बंद.

त्यात आणखी एक गंमत. मी हळू चाललो तरच हवेतला ओलावा नीट टिपला जातो. धाव-थांब, धाव-थांब केलं तर टिपलेलं पाणी निथळायच्या आत पुन्हा हवेत मिसळतं. त्यामुळे खोली गार व्हायची, पण दमट राहायची. संध्याकाळी सासूबाई मुलाला सांगायच्या, "गार आहे रे, पण अंगाला चिकटतंय. एसी चांगला दिसत नाही."

मी वर लटकून ऐकत राहायचो. सांगू कुणाला?

सून घरी आली की आधी मला वर बघून हसायची आणि मग संगणक उघडून गंभीर व्हायची. मीटरची रेघ तिच्या पडद्यावर यायची. रेघ उंच चढलेली, मग एकदम शून्य, मग पुन्हा उंच. हिशेबातली रेघ खाली, शांत आणि सपाट. दोन रेघांचं एकमेकींशी काही नातं नव्हतं.

तिला वाटलं, एसीच आपला आपण थांबतोय. खोली लहान, एसी मोठा, म्हणून थांबत असेल. रेघेत एवढंच दिसतं की थांबला. कुणी थांबवला ते रेघ सांगत नाही. मग ती आपल्या हिशेबात बदल करत बसायची. थांबून निघताना वीज जास्त वाया जाते असं धरून बघ, भिंत जास्त तापते असं धरून बघ. एक जुळवायला जावं तर दुसरं सुटायचं.

"बसचंही असंच असतं," मुलगा बूट काढता काढता म्हणाला. "दर थांब्यावर थांबून निघालं की डिझेल जास्त जातं."

"पण का थांबतो हा, तेच कळत नाही ना."

"बस तर आपणहून थांबत नाही बुवा. कुणीतरी घंटी दाबतं."

"तू आधी हातपाय धू," सून म्हणाली. सासूबाई पाणी द्यायला उठल्या. जाता जाता मी गप्प दिसलो म्हणून त्यांनी मला उठवलं, आणि कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. घरातल्या माणसांच्या हाताला सवय झालेली गोष्ट घरातल्या माणसांना दिसत नाही. हे मी भिंतीवरून पुष्कळदा पाहिलंय.

इतर घरांतले मीटरही तसेच वाकडे येत होते. अखेर साहेबांनी सुनेला बोलावून घेतलं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं ते मी ऐकलं.

"साहेब म्हणाले, तुमचा हिशेब प्रयोगशाळेत पास आणि घरात नापास. म्हणाले, घरात हा एसी एकाच वेगानं चालू-बंद होतोय, रेघ स्पष्ट सांगतेय, मग जुनं सॉफ्टवेअर काय चुकीचं होतं? महिनाअखेर एसी उतरवायला माणसं येतील."

मुलगा म्हणाला, "ताईला फोन करायला हवा."

फोन झाला. लेक म्हणाली, "तिकीट मी काढते, तू फक्त आईला गाडीत बसवून दे."

दुसऱ्या दिवशी सासूबाई आपले कपडे कपाटातून काढून, घड्या घालून पलंगावर ठेवत होत्या. टिल्लीनं शाळेतून येऊन पाहिलं आणि एकेक घडी उचलून परत कपाटात नेऊन कोंबली. सासूबाईंनी पुन्हा काढली. तिनं पुन्हा कोंबली.

आणि सासूबाईंनी काय केलं म्हणता? मला जास्तच उठवायला लागल्या. नापास होणाऱ्या पोराला पहाटे उठवून अभ्यासाला बसवतात ना, तसं. "आता तर तुला झोपून चालायचंच नाही. अजून महिनाअखेर आलेली नाही. दाखव तुझ्या साहेबाला." ज्या हातानं मला वाचवायला बघत होत्या, त्याच हातानं मला घालवत होत्या. जे घर सोडायचं नव्हतं, ते घर सोडायची तयारी त्या बटण दाबून दाबून करत होत्या. चार वेगांऐवजी चार बोटं असती मला, तर त्यांचा हात धरला असता.

मग एका दिवशी सुनेच्या ऑफिसची वीज दुरुस्तीसाठी बंद होती. ती घरीच काम करत बसली, आतल्या खोलीत, समोर संगणक. मीटरची रेघ त्यावर चालत होती. बाहेरच्या खोलीत सासूबाई टिल्लीच्या फ्रॉकला हातानं टीप घालत होत्या. मी दुसऱ्यावरून पहिल्यावर आलो.

आत सून स्वतःशीच पुटपुटली, "अगं बाई, हा तर बरोबर चाललाय." रेघ खाली आली होती, शांत, सपाट, तिच्या हिशेबात होती तशीच. तिनं खुर्ची पुढे ओढली.

आणि रेघ शून्यावर गेली.

ती ताडकन उठून बाहेर आली. सासूबाई माझ्यासमोर रिमोट धरून उभ्या होत्या.

"काय झालं? बंद कसा झाला?"

"बंद पडला होता गं. उठवतेय."

"आई, तो चालू होता."

"छे. आवाज कुठे होता? मी बंद करून परत लावते, की मग लागतो कामाला."

सून बघतच राहिली. "परत लावते म्हणजे? आजच केलंत का असं?"

"आजच कसं? रोजच पेंगतो हा. मी आहे म्हणून चाललाय. तू म्हणतेस ना, कायम चालायला हवा. माझी पाठ वळली की झोपतो."

सून तिथंच फरशीवर बसली. ती हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सासूबाई घाबरल्या, त्यांनी रिमोट असा ठेवला की जणू तो चावणार होता.

"मी बिघडवला का गं?"

"नाही हो आई. पण तुमचं तिकीट ताई काढत नव्हत्या. तुम्हीच काढत होता."

मग तिनं समजावलं. दुधाचीच गोष्ट पुन्हा सांगितली. गॅस बारीक केला की आवाज कमी होतो, म्हणून गॅस विझला असं कुणी म्हणतं का? सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे तो सारखा काम करत होता, आणि मी त्याला आळशी म्हणत होते."

तुम्हाला सांगतो, त्या वेळी मला माझा सगळा गारवा एकदम त्यांच्या अंगावर सोडावासा वाटला.

पण समजलं म्हणून हात थोडाच ऐकतो? दुसऱ्या दिवशी मी गप्प झालो आणि सासूबाई रिमोटपाशी. बटणावर बोट जाता जाता थांबलं. सुनेनं रिमोट कपाटावर ठेवला, तर त्यांनी भिंतीवरचं बटण शोधलं. दिव्यावरची पट्टी काढून दाखवली, तर म्हणाल्या, "दिव्याचं काय घेऊन बसलीस, बिघडलेल्या मशीनचाही दिवा लागतो. कान सांगतो बंद, तर डोळ्यांना तरी काही दिसू दे. श्वास चाललाय की नाही ते कळायला हवं."

आणि त्यांनी स्वतःच युक्ती काढली. शिवणाच्या डब्यातून झिरझिरीत कापडाची बोटभर रुंद चिंधी काढली, रंग लालभडक. टिल्लीच्या बापाला स्टुलावर चढवून माझ्या तोंडाशी बांधून घेतली. मी चौथ्या वेगावर असलो की ती आडवी फडफडायची. पहिल्यावर आलो की नुसती हलायची, झोपलेल्या बाळाची जावळं हलावीत तशी. पण हलायची.

त्या दिवसापासून सासूबाई शिवता शिवता मान वर करायच्या, चिंधी बघायच्या आणि पुन्हा सुईत दोरा घालायच्या. खोलीतला चिकटपणा गेला. आणि पडद्यावर दोन रेघा एकमेकींच्या अंगावर अशा बसल्या की सुनेला वेगळ्या दाखवण्यासाठी एकीचा रंग बदलावा लागला.

मग तिनं बाकीच्या घरी फोन लावले. ऑफिसातल्या कारकुनाच्या घरी बायको झाडूचा दांडा माझ्या भावाच्या पोटावर मारायची, की तो जागा होईल. पहारेकऱ्याच्या घरी म्हातारे वडील, एसी गप्प झाला की रिमोटवरचा आकडा खाली खाली नेत होते, सगळ्यात खालच्या आकड्यापर्यंत, मग पांघरूण घेऊन बसत होते. प्रत्येक घरी कुणी ना कुणी उठवणारं होतंच.

साहेबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "छान. आता तुमच्या सासूबाई सॉफ्टवेअरमध्ये कुठे घालायच्या तेवढं सांगा." त्यांना ती सबब वाटली. म्हणाले, मी स्वतः येऊन बघतो, घरात चार वेग चालतात का.

ते आले त्या दुपारी घर लख्ख आवरलं होतं. सासूबाईंनी नवी चादर घातली, आणि पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून माझ्या तोंडाची चिंधी सोडून कमरेला खोचून ठेवली. सून स्वयंपाकघरात होती, तिला पत्ताच नव्हता.

साहेब बसले. चहा झाला. घर कधीचं, किती वर्षं राहता, टिल्ली कितवीत, असं बोलणं झालं. बाहेर ऊन रणरणत होतं. मी चौथ्यावरून तिसऱ्यावर, दुसऱ्यावर, पहिल्यावर आलो. बोलणं जरा थांबलं. खोली शांत झाली.

साहेबांनी वर बघितलं. "बंद पडला वाटतं," ते म्हणाले. आणि सहज, शेजारी पडलेला रिमोट उचलला.

दारात सून ताटली घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. मुलगा खुर्चीतून अर्धा उठला. साहेबांचं बोट बटणावर होतं.

"साहेब, तुमचंही तसंच होतं का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना फार हायसं वाटलं होतं. "मला आपलं वाटायचं, मीच एक."

त्यांनी कमरेची चिंधी काढली आणि लेकाला वर चढवलं. चिंधी बांधली गेली. क्षणभर लोंबली, आणि मग हलायला लागली, अगदी हळू.

साहेब हातातल्या रिमोटकडे बघत राहिले. मग त्यांनी तो जपून टेबलावर ठेवला, त्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि हसले. हसले म्हणजे कसे, पोट हलेपर्यंत. "मी इतकी वर्षं हेच काम करतोय, आणि माझा हात..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग सुनेला विचारलं, "हा हात हिशेबात घालता येईल?"

"घातलाय," सून म्हणाली. "दोन घरं बांधलीत. एकात उठवणारा हात आहे, एकात नाही. पहिलं चिंधीच्या आधीच्या मीटरशी जुळतं, दुसरं नंतरच्या."

साहेबांनी दोन्ही रेघा तिथंच बसून बघितल्या. मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसले.

संगणकातल्या त्या घरात माझा एक जुळा भाऊ राहतो. त्याच्या घराला वीट नाही आणि त्याच्या माणसांना घाम नाही. त्याला कधी कुणी हटकलं नव्हतं, आळशी म्हटलं नव्हतं, मायेनं उठवलंही नव्हतं. मला त्याचा हेवा वाटायचा. आता त्याच्याही घरात एक हात आला. आता तो घरात राहतो असं म्हणायला हरकत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. नवा हिशेब मान्य झाला. वसाहतीच्या घरांत चार वेगांचेच एसी लागायचे ठरले, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी एक हलणारी पट्टी असावी, अशी सुनेच्या ऑफिसनं लेखी शिफारस केली. आम्हाला भिंतींवरून उतरवायला कुणी आलं नाही. सुनेला नवं काम मिळालं, घरात माणसं यंत्रांशी कशी वागतात ते हिशेबात आणायचं. ती म्हणते, यात जन्म जाईल. सासूबाई म्हणतात, "जाऊ दे की. तुझ्या त्या घरातली माणसं बोलायला तरी लागतील."

मी आता जुना झालोय. बाहेरच्या पेटीवर गंज धरलाय, पहिल्या वेगावरही थोडं कुरकुरतो. पण कामात आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातलं कुणी गप्प असेल, माझ्यासारखं यंत्र असो की माणूस असो, तर लगेच उठवायला जाऊ नका. आधी जवळ जा, समोर हात धरा, वारा लागतो का बघा.

आणि त्या घराचं काय झालं, तर ऐका. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाई लेकीकडे गेल्या नाहीत. लेकच आली, पोराबाळांसकट, उन्हाळाभर राहायला. आईच्या छातीची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षापेक्षा ठोके बरे आहेत. आता दुपारी बाहेरच्या खोलीत ओळीनं चटया पडतात. मुलं लोळतात, सून आणि नणंद एकमेकींच्या कानाला लागून हसतात, मुलगा गाडीवरून आला की पाय टाकायला जागा शोधतो. मधोमध सासूबाई टिल्लीची वेणी घालत बसलेल्या असतात आणि कुणालाही उठवत नाहीत. बाहेर गच्ची तापते, आत गारवा असतो. त्या घराला जसा उन्हाळा सोसवला, तसा तुम्हालाही सोसवो.